गावंडे सरांनी लिहिलेलं ‘नाही’

गावंडे सरांवर काही लिहू नये असं आईचं म्हणणं आहे. ‘‘जित्या माणसावर लिहिते का कोणी?’’ असं ती म्हणते. सर जिवंत आहेत, तब्येतीनं ठणठणीत आहेत आणि आमच्या अकोल्याच्या घरापासून पाचव्या घरात राहतात. पण आमच्यापुरते ते संपले, आणि संपलेल्या माणसाबद्दल लिहायला हरकत नसावी. शिवाय लिहिलं नाही तर माझ्या डोक्यात दोन गावंडे सर एकमेकांशी भांडत बसतात आणि अमरावतीला ऑफिसात मला धड काम सुचत नाही.

पहिले सर शाळेतले. ते गणित शिकवायचे. पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक पेन्सिल, पायात बाराही महिने कातडी चपला. वर्गात अगदी पुस्तकी मराठी बोलत आणि शाळेचं फाटक ओलांडलं की अस्सल वऱ्हाडी. फळ्यावरचं अक्षर असं, की ते पुसायला जीव होत नसे. त्यांचं एकच सांगणं असायचं, आधी गणित वाचा. आठवीत एका चाचणीत टाकीत किती पाणी भरलं ते मी पायऱ्यांसकट काढलं आणि मला शून्य मिळालं. मी रडत रडत पेपर घेऊन त्यांच्याकडे गेले. ‘‘उत्तर बरोबर आहे,’’ सर म्हणाले, ‘‘पण टाकी किती रिकामी राहिली ते विचारलं होतं. न विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देणारा माणूस जन्मभर मार खातो.’’ मग तो प्रश्न त्यांनी मला सगळ्यांसमोर मोठ्यानं तीनदा वाचायला लावला. वर्ग हसत होता. पण कागद वाचायला मी त्या दिवशी शिकले, आणि त्याच जोरावर आज पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात लोकांच्या अर्जांतल्या चुका काढून पगार घेते.

दुसरे सर विम्यातले. एजन्सी बायकोच्या नावावर होती, कारण शिक्षकाला जोडधंदा करता येत नाही. हे साऱ्या कॉलनीला ठाऊक होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. काकूंकडे काम दोनच, चहा टाकणं आणि दाखवलेल्या जागी सही करणं. बाकी हिंडणं, बोलणं, समजावणं सरांचं. निवृत्त झाल्यावरही एजन्सी काकूंच्याच नावावर राहिली आणि सर पूर्ण वेळ मोकळे झाले.

सर कुणाकडे बेल वाजवून येत नसत. फाटकाची कडी वाजली की मागोमाग ‘‘आहे काय घरी?’’ अशी हाक, आणि उत्तर यायच्या आत ते स्वयंपाकघराच्या दाराशी. माठातलं पाणी स्वतःच घेत. मग काळी रेक्झिनची बॅग मांडीवर घेऊन बसत. तिच्यात एका कप्प्यात फॉर्म आणि दुसऱ्यात फुटाण्यांची पुडी. फॉर्म ते स्वतः भरत. दुसऱ्याच्या हाती पेन दिलं की खाडाखोड होते, हे त्यांचं जुनं मत. सहीच्या जागी पेन्सिलीनं बारीक फुली मारायची, कागद पुढे सरकवायचा आणि कुणी काही विचारलंच तर म्हणायचं, ‘‘मी हावो ना.’’ त्यांच्या प्रत्येक पॉलिसीतलं पहिलं कलम हेच होतं आणि तेवढंच आम्हांला पाठ होतं.

या कलमावर आमचा विश्वास उगाच बसला नव्हता. बाबा वीज खात्यात लाइनमन होते. एका दुपारी ते ड्युटीवरून आले, पाणी मागितलं आणि पाणी आणेपर्यंत गेले. मी तेव्हा कॉलेजात होते, नितीन, माझा धाकटा भाऊ, दहावीत. तिसऱ्या दिवशी सर आले. त्यांनी आईला काही विचारलं नाही, समजूतही घातली नाही. ‘‘त्याची कपाटाची किल्ली कोठी हाये?’’ एवढंच म्हणाले. कपाटातली कागदांची पिशवी त्यांनी नेली. दाखले, अर्ज, रांगा, साहेबांच्या मागे हिंडणं, सगळं त्यांनी केलं. आईला एकाही ऑफिसची पायरी चढावी लागली नाही. बाबांच्या विम्याचे आणि फंडाचे पैसे मिळाले, नितीनचं इंजिनिअरिंग त्यांच्यावर झालं. आई अजूनही म्हणते की त्या महिन्यात सर नसते तर आम्ही उभे राहिलो नसतो. ते खरं आहे आणि ते मी खोडणार नाही.

तेव्हापासून आमच्या घरात सरांनी आणलेला कागद कुणी वाचला नाही. आमच्याकडे तशीही रीतच आहे. समोर बसलेल्या माणसाचा कागद त्याच्यासमोर वाचणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. लग्नाची यादी असो की वावराची इसारपावती, चांगल्या घरचा माणूस कागदाकडे न बघता सही करतो आणि वर म्हणतो, तुम्ही लिहिलं म्हणजे बरोबरच असेल. यात मोठेपणा मानतात. मीही मानत होते.

मग आमच्या भागातली पोरं परदेशी जाऊ लागली आणि त्यांच्यामागून त्यांचे आईबाप. कुणी सुनेच्या बाळंतपणाला, कुणी नातवंड सांभाळायला. सरांना नवं क्षेत्र सापडलं. प्रवासाचा विमा काढता काढता ते प्रवासाचे मास्तर झाले. स्वतः नागपूरच्या पलीकडे गेलेले नव्हते, पण विमानतळावर कुठल्या रांगेत उभं राहायचं, पोलिसासारखा दिसणारा माणूस काय विचारतो, लोणच्याची बरणी कशी बांधायची, सगळं त्यांना मुखपाठ. एकदा मी त्यांच्याकडे दिवाळीचा डबा द्यायला गेले तर बैठकीच्या दारात तपासणीची तालीम चालली होती. बाळापूरचे एक काका मुलाकडे निघाले होते. सरांनी त्यांना चपला काढायला लावल्या, खिसे रिकामे करायला लावले आणि शेवटी कमरेचा पट्टा काढायला लावला. काका दोन्ही हातांनी पँट धरून दारातून इकडून तिकडे गेले. ‘‘तेथी बी असंच होते,’’ सर म्हणाले, ‘‘आतापासून सवय करून घ्या.’’ काकू आतून हसत होत्या, काकाही हसले. मी विचारलं, ‘‘सर, तुम्ही कधी जाता मग विमानात?’’ तर म्हणाले, ‘‘मी गेलो त इथचं कोण पायते?’’

विमा समजावतानाही त्यांचं एकच वाक्य असायचं. सामान हरवलं, पासपोर्ट हरवला, विमान चुकलं, डॉक्टर लागला, सगळं येते त्याच्यात. काय येत नाही ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. जाणाऱ्याला अशुभ कशाला बोलायचं?

नितीन कॅनडात स्थिरावला होता. त्याच्या बायकोला दिवस गेले आणि आईचा व्हिसा आला. तिकीट आठ दिवसांवर होतं. रविवार होता, मी अमरावतीहून आले होते आणि ओट्याशी कुरडयांची पाकिटं बांधत होते. सर आले, पाणी घेतलं, फॉर्म काढला. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर झाला. मग आई उठली आणि गोळ्यांची स्टीलची डबी घेऊन आली. ‘‘सर, हे बीपीची गोयी बी लिहून घ्या. आठ वर्स झाले.’’

सरांनी डबीतलं गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं, चष्मा वर करून नाव वाचलं. ‘‘हेच गोयी आमच्या घरी बी हाये,’’ ते म्हणाले. ‘‘बीपी काय बिमारी असते का, वहिनी? कोणाले नाई आज बीपी? बिमार माणूस खाटेवर असते. तुमी त पाच किलोच्या कुरडया घातल्या. जातानी बिमारीचं नाव कायले काढता?’’

आई हसली. तिला ते ऐकायचंच होतं. प्रवासाला निघताना दुखण्याचं नाव घेऊ नये असं तिची सासू सांगायची, आणि मास्तरही तेच सांगत होता. सरांनी आजाराच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं. लेखणी कागदावर टेकलेली मला ओट्यापासून दिसली. मी हात पुसत गेले आणि म्हटलं, ‘‘सर, मी वाचून पाहू का जरासं?’’

सरांनी पेनाला टोपण लावलं. ‘‘काहून? शंका हाये काय तुले माह्यावर?’’

आवाज चढला नव्हता, उलट दुखावल्यासारखा होता. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी परत ओट्याशी गेले. तिनं फुलीवर सही केली. दोन दिवसांनी पॉलिसी माझ्या फोनवर आली. मी ती नितीनला पुढे पाठवली आणि उघडली नाही. दिवसभर लोकांचे अर्ज परत पाठवणारी मी, माझ्या आईचा कागद मात्र उघडला नाही. सरांवर रागावताना हे मी विसरत नाही, पण त्यानं राग कमीही होत नाही.

कॅनडात गेल्यावर अकराव्या दिवशी सकाळी आईच्या छातीत दुखू लागलं. नितीननं तिला दवाखान्यात नेलं, तिथं हृदयाची नळी उघडून स्टेंट टाकला. आई वाचली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिनं नितीनमार्फत सरळ सांगितलं, बीपी आहे, आठ वर्षांपासून गोळी आहे. तिला लपवायचं असं काही माहीतच नव्हतं. ते तिथल्या कागदावर लिहिलं गेलं आणि कंपनीनं तोच कागद पुढे करून दावा फेटाळला. आधीचा आजार सांगितला नव्हता, म्हणून.

मी सरांना फोन केला. ‘‘होऊन जाईन, मी हावो ना,’’ ते म्हणाले. दुसऱ्यांदाही तेच म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले की वरच्या साहेबांशी बोलून राहिलो. नंतर फोन काकू उचलू लागल्या आणि सर बाहेर गेले आहेत असं सांगू लागल्या. मागे टीव्हीवरच्या बातम्यांच्या आवाजात सरांचं खाकरणं मला ऐकू यायचं.

तेव्हा मी पॉलिसी वाचली. एका बैठकीत, पेन्सिल घेऊन, आठवीत सरांनी शिकवलं होतं तसं. आधीपासूनचे आजार वगळलेले आहेत, हे तर होतंच. पण पुढे असंही होतं की आजार आधी कळवला, डॉक्टरचा अहवाल जोडला आणि थोडा जास्त हप्ता भरला, तर त्याच आजारातून अचानक जिवावर बेतलं तरी खर्च मिळणारा वेगळा प्रकार याच कंपनीकडे आहे. दवाखान्यात भरती झाल्याबरोबर कुठल्या नंबरवर कळवायचं तेही दिलेलं होतं. म्हणजे ‘बीपी आहे’ एवढं लिहिलं असतं तर आईला संरक्षण मिळालं असतं. फक्त तपासण्या कराव्या लागल्या असत्या, अहवालाला आठवडा गेला असता आणि तिकिटाच्या आत पॉलिसी हातात पडली नसती. सरांना हे ठाऊक होतं. त्यांनी आईचं दुखणं झाकलं ते तिला धीर द्यायला नाही, काम लवकर उरकायला. त्या पानावर मी बराच वेळ थांबले. शाळेतल्या सरांनीच मला फसवलं असं मला तेव्हा वाटलं, विम्यातल्या नाही.

नितीननं तक्रार करायची ठरवलं. वकिलानं सांगितलं, फॉर्म भरणाऱ्यानं लिहून द्यावं की बाईंनी गोळी सांगितली होती आणि ‘नाही’ मी लिहिलं. एक पान पुरे. ते मागायला मी सरांकडे गेले. ते व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. मला पाहून त्यांनी पेपर घडी केला, काकूंना चहा सांगितला. मी सगळं सांगितलं.

‘‘सही कोणाची हाये?’’ सरांनी विचारलं.

‘‘आईची.’’

‘‘मंग?’’

चहा आला. काकू कप ठेवून तिथंच उभ्या राहिल्या, म्हणून सरांनी त्यांना आत जायला सांगितलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, ‘‘एजन्सी इच्या नावावर हाये, पोरी. लिहून देल्लं त एजन्सी जाते. पण तुह्या आईचं मी वाईट होऊ देईन का? विचार करतो दोन दिस.’’ माझ्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला. आणि खरं सांगते, मी समाधानानं अमरावतीला परतले. बाबांच्या वेळचे सर मला आठवत होते. ते लिहून देतील याची मला खात्री होती.

त्यांनी लिहिलं, पण आम्हांला नाही. दरम्यान नितीननं पाठवलेल्या तक्रारीला कंपनीचं उत्तर आलं, त्याला एक पान जोडलेलं होतं. खाली सही काकूंची, वरचं अक्षर फळ्यावरचं. शुद्ध मराठीत, समासाला जागा सोडून, एकही खाडाखोड न करता लिहिलं होतं की सदर प्रवासी महिलेने आपल्या आजाराची कोणतीही माहिती दिली नव्हती, किंबहुना विचारणा केली असता ती जाणीवपूर्वक लपवली.

‘जाणीवपूर्वक’ हा शब्द मी किती वेळा वाचला ते सांगता येणार नाही. मला रडूही आलं नाही. गोळीचं पाकीट हातात घेऊन त्यावरचं नाव वाचणारा माणूस मला दिसत राहिला.

तोवर आई परत आली होती. नातू झाला, पण त्याला न्हाऊमाखू घालायला गेलेली बाई स्वतःच पलंगावर होती, याचं तिला लागलं होतं. ते पान मी तिला दाखवणार नव्हते. पण कॉलनीत बोलणं आधीच सुरू झालं होतं, बीपी लपवून विमानात बसली म्हणून. हे कुठून निघालं ते सांगायला नको. शेवटी तिनं पान मागितलं, चष्मा लावून वाचलं आणि घडी करून मला परत दिलं. ‘‘पैशाचं नितीन पायते,’’ ती म्हणाली. ‘‘मले ते नाई पायजे. मी खोटं बोलली असं लिहिलं सरांनी. त्याईनं एकदा म्हणावं, बाईनं सांगतलं होतं. एवढंच म्हणावं.’’ त्यानंतर तिनं भजनाला जाणं सोडलं, हळदीकुंकवाला जाणं सोडलं. मी दर शनिवारी आले की तिचा एकच प्रश्न असायचा, सर भेटले का? मी नाही म्हणायची.

नितीननं तक्रार पुढे नेली नाही. फॉर्मवर सही आईची, वर एजंटचं असं लेखी. वकील म्हणाला, यात काही उरलं नाही.

सर मला शेवटचे भेटले ते एसटीत. शनिवारी दुपारी मी अमरावतीहून निघाले होते. मूर्तिजापूरला माझ्या शेजारची बाई उतरली आणि तीच काळी बॅग मांडीशी धरून सर चढले. उभं राहायलाही जागा नव्हती, माझ्या शेजारची तेवढी सीट रिकामी. त्यांनी मला पाहिलं. ‘‘बसू का?’’ त्यांनी विचारलं. त्यांना परवानगी मागताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मी खिडकीकडे सरकले.

बोरगाव मागे पडलं. बॅगेतून फुटाण्याची पुडी त्यांनी काढली, माझ्यापुढे धरली, मी मान हलवली, तशी न खाता परत ठेवली. ‘‘आई कशी हाये?’’

‘‘बरी हाये. बाहेर नाई निघत.’’

ते समोरच्या सीटच्या दांड्याकडे बघत होते. मग इतक्या हळू बोलले की इंजिनाच्या आवाजात मला कान द्यावा लागला. ‘‘मले आठोते. डबी बी आठोते. गोयी दाखोली होती तिनं.’’

या वाक्याची मी कितीक महिने वाट बघितली होती. ते ऐकून हलकं वाटेल असं वाटलं होतं. पण माझ्या अंगाची आग झाली. विसरले असते तर मी माफ केलं असतं. ‘‘मंग तसं काहून नाई लिहिलं?’’

‘‘लिहिलं असतं त काकूच्या नावावर डाग लागला असता.’’

‘‘म्हणून माह्या आईच्या लावला.’’

सरांनी बॅग मांडीवर सरळ केली. मग म्हणाले, ‘‘आईले सांगजो तू. मले आठोते म्हणून सांगजो.’’

‘‘मी नाई सांगत,’’ मी म्हटलं. ‘‘तुमी सांगा. लिहून नका देऊ काही. कोणाले कळणार नाई. फाट्यावर उतरलो की घर समोर हाये, पाच मिनिटं लागतीन. तिले तेवढंच पायजे, सर.’’

‘सर’ माझ्या तोंडून निघून गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरले होते. ‘‘येतो,’’ ते म्हणाले. ‘‘चाल, येतो.’’

मी तिथंच आईला फोन लावला. सर माझ्यासोबत येऊन राहिले, म्हणून सांगितलं. पलीकडे भांड्याचा आवाज झाला. मग ती म्हणाली, ‘‘चहा ठेवतो मी. साखर कमी घेते ना ते आता?’’ मी सरांना विचारलं. सरांनी होकाराची मान हलवली.

कॉलनीच्या फाट्याच्या अलीकडे पेट्रोल पंपाशी कुणासाठी तरी बस थांबली. सर उठले. मला वाटलं, पुढे दाराशी जाऊन उभे राहतायत. ते उतरले. मी खिडकीतून हाक मारली, ‘‘सर, फाटा पुढे हाये.’’ त्यांनी मागे पाहिलं नाही. बॅग बगलेत धरून ते पंपामागच्या कच्च्या रस्त्याला लागले होते. त्या रस्त्यानं त्यांचं घर लांब पडतं, पण वाटेत आमचं घर लागत नाही.

फाट्यावर मी उतरले तेव्हा आई फाटकात उभी होती. कितीतरी दिवसांनी तिनं बाहेरचं लुगडं नेसलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्यामागून कोण उतरतं ते बघत होती.